विश्लेषण : ‘क्ष’ नेमका कुणाला मानायचा? शाब्दिक उदाहरणांची गाठ एकाच चलाने कशी सुटते?

आईचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. आणखी १२ वर्षांनी ते दुप्पट होईल. तर दोघांची आजची वये किती?

आठवीच्या वहीत या उदाहरणाचे उत्तर कधी कधी शून्य येते. मुलाचे वय शून्य, आईचेही शून्य. मूल ते उत्तर लिहिते, खाली दोन रेघा ओढते आणि पुढच्या उदाहरणाला लागते. आई त्याच वेळी शेजारी बसून भाजी निवडत असते, पण शून्य वर्षांची आई वहीत कशी आली, हा प्रश्न त्या घरात कुणालाच पडत नाही.

चूक एका कंसाची असते. मुलाचे वय क्ष मानले, तर आईचे ३क्ष. बारा वर्षांनी मूल क्ष + १२ आणि आई ३क्ष + १२. आई तेव्हा मुलाच्या दुप्पट, म्हणून ३क्ष + १२ = २(क्ष + १२). कंस विसरून उजवीकडे २क्ष + १२ लिहिले, की दोन्हीकडचे बारा उडतात आणि क्ष शून्यावर येऊन बसतो. कंस ठेवला तर ३क्ष + १२ = २क्ष + २४, म्हणजे क्ष = १२. मूल १२ वर्षांचे, आई ३६ वर्षांची. बारा वर्षांनी २४ आणि ४८. हिशेब जुळला.

सहावी-सातवीत समीकरणांची तोंडओळख होते, आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकात ‘एकचल समीकरणे’ हे प्रकरण येते, नववी-दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणे येतात आणि दहावीत वर्गसमीकरणे. या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी शाब्दिक उदाहरणे असतात, आणि प्रश्नपत्रिकेत नेमकी तीच कोरी सुटतात. नुसते समीकरण दिले तर झरझर सोडवणारे मूल त्याच समीकरणाला मराठी वाक्याचा सदरा चढवला की थबकते. आठवीत ही गाठ सुटली नाही, तर ती नववीत दुहेरी होते आणि अकरावीला भौतिकशास्त्राच्या गणितांत पुन्हा समोर येते. विज्ञान शाखा नको म्हणणाऱ्या अनेक मुलांच्या मनात खरे तर ‘समजा’ या एका शब्दाची भीती असते.

अडते कुठे?

आकडेमोडीत क्वचितच. अडते ते वाचण्यात.

‘एका संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने कमी’ आणि ‘एका संख्येतून ५ कमी करून येणाऱ्या संख्येची दुप्पट’ ही दोन वाक्ये कानाला सारखीच वाटतात. पहिल्याचे २क्ष − ५ होते, दुसऱ्याचे २(क्ष − ५). उत्तरात फरक पाचाचा पडतो. ‘तिप्पट झाले’ आणि ‘तिपटीने वाढले’ यांतही असाच सापळा आहे. शंभराचे तीनशे झाले तर ते तिप्पट झाले, पण वाढ दुपटीची आहे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही ही गल्लत होते, तेव्हा तेरा वर्षांच्या मुलाला फार बोल लावण्यात अर्थ नाही.

एका बाबतीत मात्र मराठी मुलाचे पारडे जड आहे. ‘क्ष पेक्षा ७ ने कमी’ हे वाक्य मराठीत ज्या क्रमाने येते त्याच क्रमाने गणितात उतरते : आधी क्ष, मग वजा ७. इंग्रजी वाक्यात सात आधी येतो आणि क्ष नंतर, त्यामुळे इंग्रजी माध्यमाची मुले हमखास ७ − क्ष लिहून बसतात. राज्यातल्या सेमी इंग्रजी वर्गांत गणित इंग्रजीतून असते आणि घरातले बोलणे मराठीतून. अशा मुलाने इंग्रजी उदाहरण आधी मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहिले, तर त्यात कमीपणा काही नाही, उलट फायदाच आहे.

गणितातली भाषा हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ अशी संख्यानावे आली, तेव्हा थेट विधानसभेपर्यंत वाद गेला. जोडाक्षरांची संख्यानावे लहान मुलांना जड जातात, असे बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते. कुणाची बाजू बरोबर हा मुद्दा वेगळा. गणित कळण्याआधी वाक्य कळावे लागते, एवढे त्या वादात दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले होते.

‘क’ म्हणजे कांदा नव्हे

दुसरी अडचण जास्त खोलवरची आहे आणि ती हुशार मुलांनाही होते. अक्षर हे वस्तूचे नाव आहे, असा समज.

‘द्राक्षांच्या पेट्या डाळिंबांच्या पेट्यांच्या सहापट आहेत’ हे वाक्य समीकरणात लिहा म्हटले, की पुष्कळजण ६द = ड लिहितात. वाक्यात सहा आणि द्राक्ष जवळ आले, म्हणून समीकरणातही जवळ बसवले. पण डाळिंबाच्या पेट्या १० असतील तर द्राक्षाच्या ६० हव्यात, आणि या समीकरणात द्राक्षाच्या ६० घातल्या तर डाळिंबाच्या ३६० होतात! खरे समीकरण द = ६ड. अमेरिकेत सुमारे ४५ वर्षांपूर्वी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना याच धाटणीचे, विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या संख्येचे उदाहरण दिले होते. तिघांपैकी एकाहून अधिकांनी ते चुकवले.

म्हणून ‘समजा, क्ष = कांदे’ असे लिहू नये. ‘समजा, चांगला कांदा क्ष क्विंटल’ असे लिहावे. क्ष हा आकडा आहे, फक्त तो अजून माहीत नाही. मोजमापाचे एकक पहिल्याच ओळीत लिहिले, की निम्म्या चुका तिथेच गळतात. परीक्षेत गुण पायरीनुसार मिळतात, त्यामुळे ही ओळ फुकट जात नाही.

एक ट्रॉली कांदा, दोन भाव

आता नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजार समितीत शोभेल असे उदाहरण. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत.

एका शेतकऱ्याने ३० क्विंटल कांदा आणला. त्यातला चांगला माल १८०० रुपये क्विंटलने गेला, गोल्टी ११०० रुपयांनी. हमाली-तोलाई कापण्याआधी एकूण ४७,००० रुपये झाले. पट्टीवर वजनांची फोड नीट उमटलेली नाही. तर चांगला कांदा किती क्विंटल आणि गोल्टी किती?

इथे माहीत नसलेल्या गोष्टी दोन आहेत, म्हणून मुलांचा हात आपोआप दोन अक्षरांकडे जातो. पण दोन्ही मिळून ३० आहेत हे ठाऊक आहे. चांगला कांदा क्ष क्विंटल मानला की गोल्टीला स्वतंत्र अक्षर कशाला? ती उरलेली, म्हणजे ३० − क्ष.

१८००क्ष + ११००(३० − क्ष) = ४७,०००

कंस उघडला तर १८००क्ष + ३३,००० − ११००क्ष = ४७,०००. म्हणजे ७००क्ष = १४,००० आणि क्ष = २०. चांगला कांदा २० क्विंटल, गोल्टी १०. ताळा : ३६,००० आणि ११,००० मिळून ४७,०००.

मधली ओळ नीट पाहिली तर ती बोलते. सगळाच कांदा गोल्टी असता तर ३३,००० मिळाले असते. प्रत्यक्षात १४,००० जास्त मिळाले. गोल्टीच्या जागी एक क्विंटल चांगला माल आला की ७०० रुपये वाढतात. मग १४,००० वाढायला किती क्विंटल लागले? वीस. वर्षानुवर्षे बाजारात माल आणणारी, शाळा लवकर सुटलेली माणसे हाच हिशेब क्ष न मानता ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या करतात. बीजगणिताने त्या तोंडी हिशेबाला लेखी रूप दिले, आणि आकडे वेडेवाकडे असले तरी तो अडणार नाही याची सोय केली.

मग क्ष कुणाला मानावे?

ढोबळ नियम असा, की जिच्या आधाराने बाकीच्या गोष्टी सांगितल्या आहेत ती राशी क्ष. ‘आई मुलाच्या तिप्पट’ असे असेल तर मुलगा क्ष, कारण आईची गोष्ट त्याच्यावरून सांगितली आहे. आईला क्ष मानले तरी चालेल, पण मग मुलगा क्ष/३ होईल आणि अपूर्णांक मागे लागतील. चुकीचे काही नाही, फक्त रस्ता खडबडीत.

नेहमी विचारलेली राशीच क्ष मानावी असेही नाही. नाशिकहून पुण्याला सकाळी ६ वाजता बस निघाली, वेग ताशी ४५ किलोमीटर. पुण्याहून नाशिकला ८ वाजता मोटार निघाली, वेग ताशी ७५. अंतर २१० किलोमीटर धरू. दोघे किती वाजता भेटतील आणि कुठे?

‘कुठे’ला क्ष मानून सुरुवात केली तर भागाकार करावे लागतात. वेळेला मानली तर काम सोपे. मोटार निघाल्यापासून क्ष तास मानले, तर बस क्ष + २ तास चाललेली आहे. ४५(क्ष + २) + ७५क्ष = २१०. म्हणजे १२०क्ष + ९० = २१०, क्ष = १. नऊ वाजता भेट. मोटार तोवर ७५ किलोमीटर आली, म्हणजे नारायणगावच्या आसपास. बस निघाल्यापासूनचे तास क्ष मानले असते, तर क्ष = ३ आले असते, पण घड्याळात नऊच वाजले असते. क्ष बदलला की समीकरण बदलते, उत्तर बदलत नाही. मात्र क्ष म्हणजे कोणते तास हे पहिल्या ओळीत लिहिले नसेल, तर ‘१’ आणि ‘३’ यांत बरोबर कोण यावरून वर्गात भांडण ठरलेले. (या रस्त्यावर गाड्यांना असे वेग खरोखर मिळतात का, हा प्रश्न बीजगणिताच्या कक्षेबाहेरचा आहे.)

चाळीसगावजवळचा मठ

नाशिक रोडहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत मनमाड, नांदगावनंतर चाळीसगाव येते. तिथून जवळ डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. या पाटणमध्ये सापडलेला शिलालेख सांगतो, की यादव राजा सिंघणाच्या दरबारी असलेल्या चांगदेव या ज्योतिष्याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ स्थापन केला. साल १२०७. ते आजोबा म्हणजे भास्कराचार्य. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात हा लेख उजेडात आणला. त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरच्या उत्पन्नाचा वाटा मठाला दिल्याची नोंद त्यात आहे. बाजारातल्या करावर गणिताची शाळा चालत होती, असा त्याचा सरळ अर्थ.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. महाराष्ट्रातले मूल दहावीला ज्या पेपरला ‘बीजगणित’ म्हणते, ते नाव या दुसऱ्या भागाचेच आहे.

आणि आजच्या ‘एकचल समीकरणा’ला त्या ग्रंथात नाव आहे ‘एकवर्ण समीकरण’. अज्ञात राशीला भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ म्हणतात, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’. लिहिताना नुसते ‘या’. दुसरी अज्ञात राशी लागलीच तर काळा रंग, ‘कालक’. मग निळा, पिवळा, तांबडा. एका रंगाचे ते एकवर्ण, अनेक रंगांचे ते अनेकवर्ण. ज्ञात आकड्याला ‘रूप’, म्हणजे ‘रू’. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. युरोपात अज्ञातासाठी वर्णमालेतली शेवटची अक्षरे वापरण्याची पद्धत रेने देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथाने रूढ केली. ती याच्या जवळपास पाचशे वर्षांनंतरची.

एकवर्ण समीकरणातले पहिलेच उदाहरण असे : एकाकडे ३०० रुपये रोख आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याकडे त्याच किमतीचे १० घोडे, पण डोक्यावर १०० रुपये कर्ज. दोघांची संपत्ती सारखी. तर एका घोड्याची किंमत किती?

भास्कराचार्य दोन बाजू एकाखाली एक मांडतात : वर ‘या ६ रू ३००’, खाली ‘या १० रू १००’ आणि या शेवटच्या १०० वर टिंब, कारण ते कर्ज. आजच्या भाषेत ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. घोडे एका बाजूला, रोकड दुसऱ्या बाजूला : ४क्ष = ४००, क्ष = १००. पहिल्याची संपत्ती ९००, दुसऱ्याचीही ९००. ऋण संख्येला कर्जाचा अर्थ देऊन उदाहरण असे रचले आहे, की आज घोड्याच्या जागी म्हशी किंवा मोटारसायकली घातल्या तरी एक अक्षर बदलावे लागणार नाही.

त्रिस्थळी यात्रेचा खर्च

क्ष न मानता उत्तर काढण्याचीही एक पद्धत लीलावतीत आहे. तिचे नाव इष्टकर्म. मनाला येईल तो आकडा उत्तर म्हणून धरायचा, शेवटपर्यंत हिशेब न्यायचा आणि जे चुकले ते त्रैराशिकाने दुरुस्त करायचे. प्राचीन इजिप्तच्या पपायरसांवरही हीच युक्ती सापडते.

दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरणाऱ्या नाशकात लीलावतीतले यात्रेकरूचे उदाहरण विशेष शोभेल. एक यात्रेकरू जवळच्या पैशांपैकी निम्मे प्रयागला देतो. उरलेल्याचे दोन नवमांश काशीला. उरलेल्याचा चौथा हिस्सा वाटेत जकातीत जातो. पुन्हा उरलेल्याचे सहा दशांश गयेला. घरी परततो तेव्हा हाती ६३ निष्क. निघताना किती होते?

समजा ३६० होते. प्रयागनंतर १८०. त्याचे दोन नवमांश ४०, उरले १४०. जकात ३५, उरले १०५. गयेला ६३ दिले, उरले ४२. पण उरायला हवेत ६३, म्हणजे दीडपट. मग सुरुवातही दीडपट : ५४० निष्क. क्ष मानला तर क्ष × १/२ × ७/९ × ३/४ × ४/१० = ६३, म्हणजे ७क्ष/६० = ६३ आणि पुन्हा ५४०. जकात बाराव्या शतकातही यात्रेकरूला चुकली नव्हती, हे जाता जाता कळते.

शिष्यवृत्ती परीक्षेत पर्याय टाकून पाहणारी मुले काहीशी याच वाटेने जातात. त्यांना ‘हे चीटिंग आहे’ असे सांगणारे पालक भास्कराचार्यांवर अन्याय करतात. पण इष्टकर्माची मर्यादाही मुलांना दाखवायला हवी. घोड्यांच्या उदाहरणात ते चालत नाही. घोड्याची किंमत ५० धरली तर पहिला ६०० चा धनी आणि दुसरा ४०० चा, आणि इथून कितीपट करायचे ते सांगता येत नाही, कारण किंमत दुप्पट केली तरी रोकड ३०० च राहते आणि कर्जही १०० च. जिथे सगळे काही एकाच प्रमाणात वाढते-घटते, तिथेच इष्टकर्म. मध्ये एखादी स्थिर रक्कम घुसली, की यावत्तावत् मानल्याशिवाय सुटका नाही. आठवीच्या मुलाला ‘क्ष कशासाठी?’ याचे याहून चांगले उत्तर देता येणार नाही.

देवळालीचे मास्तर आणि उलटे आकडे

नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत गणित शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे आकड्यांचे वेड जगभर पोहोचले. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले की ६१७४ येतो, तो ‘कापरेकर स्थिरांक’ त्यांचाच. (चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट.) मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव परदेशात सर्वदूर झाले.

अंक उलटण्याचा हा खेळ शालेय पुस्तकातही असतो. दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास संख्या २७ ने वाढते. तर मूळ संख्या कोणती?

दशकस्थानचा अंक क्ष, एककस्थानचा ९ − क्ष. मूळ संख्या १०क्ष + (९ − क्ष) = ९क्ष + ९. उलटलेली १०(९ − क्ष) + क्ष = ९० − ९क्ष. फरक ८१ − १८क्ष = २७, म्हणून क्ष = ३. संख्या ३६, उलटी ६३.

इथे मुले नेहमी एक चूक करतात : संख्या म्हणून क्ष(९ − क्ष) लिहितात, म्हणजे अंक शेजारी ठेवतात आणि तो गुणाकार होऊन बसतो. तीन आणि सहा शेजारी लिहिले की छत्तीस होतात, पण बीजगणितात अठरा. दहा रुपयांच्या क्ष नोटा आणि एक रुपयाची ९ − क्ष नाणी, असे सांगितले की बहुतेकांना चटकन उमगते.

समीकरण मांडले की आणखी एक गोष्ट उघडी पडते. ८१ − १८क्ष ला ९ ने नेहमी पूर्ण भाग जातो. म्हणजे उलटापालटीने येणारा फरक ९ च्या पटीतच असणार. एखाद्या सरावसंचात ‘२५ ने वाढते’ असे छापले असेल, तर चूक मुलाची नाही, छापणाऱ्याची. हे ओळखून वर मान करणारे मूल एखाद्या वर्गात तरी असतेच. त्याला गप्प बसवू नये.

दोन चले येत असताना एकाचाच हट्ट का?

हट्ट नसावा. दहावीच्या पेपरात प्रश्न दोन चलांतील समीकरणांवर असेल तर दोनच वापरावीत. पण दोन अक्षरांनी सुरुवात करून पुढे ‘य = ३० − क्ष’ ठेवायचे, ही पायरी एका चलाने आधीच उरकलेली असते. एका चलात विचार कठीण आणि आकडेमोड सोपी, दोन चलांत मांडणी सोपी आणि आकडेमोड लांब. नाती गुंतागुंतीची असतील तर दोन घेणेच शहाणपणाचे. ‘एकूण इतके’ किंवा ‘याच्यापेक्षा इतके जास्त’ असे साधे नाते हाताशी असेल, तर दुसरे अक्षर म्हणजे रिकाम्या पिशवीला दुसरी पिशवी.

उत्तर आले, पण ते खरे का?

वडील ४० वर्षांचे, मुलगी १४ वर्षांची. किती वर्षांनी वडिलांचे वय मुलीच्या तिप्पट होईल? ४० + क्ष = ३(१४ + क्ष). सोडवले तर क्ष = −१. इथे बरीच मुले खाडाखोड करतात. प्रत्यक्षात समीकरण बरोबर सांगते आहे : ती वेळ एक वर्षापूर्वीच येऊन गेली, ३९ आणि १३. प्रश्न विचारणाऱ्याने ‘किती वर्षांनी’ म्हटले म्हणून आकड्याने ऐकायला हवे असे नाही.

उलट, काही वेळा समीकरण बरोबर सुटते आणि उत्तर तरी टाकून द्यावे लागते. बीजगणितातल्या एका उदाहरणात माकडांच्या टोळीच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते. हे वर्गसमीकरण, त्याची उत्तरे दोन : ५० आणि ५. दोन्ही समीकरणात बसतात. पण टोळी ५ ची असेल, तर पाचवा हिस्सा १ आणि त्यातून ३ गेले की उणे २ माकडे उरतात. भास्कराचार्यांनी ते उत्तर नाकारले. ऋण माकडे लोकांना पटत नाहीत, असे त्यांचे कारण होते. म्हणून आलेले उत्तर समीकरणात घालून पाहू नये, मूळ गोष्टीत घालून पाहावे. समीकरणच चुकीचे मांडले असेल, तर त्यात चुकीचे उत्तरही गुण्यागोविंदाने बसते. शून्य वर्षांची आई तशीच तर बसली होती.

घरात करून पाहण्यासाठी लीलावतीतलेच एक. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबाच्या फुलावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोन भागांमधल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर. एक भुंगा केवडा आणि मालती यांच्या वासात घुटमळत हवेतच राहिला. थव्यात एकूण किती? क्ष मानून करा, नाहीतर १५ च्या पटीतला कुठलाही आकडा धरून इष्टकर्माने. उत्तर १५ आले पाहिजे.